ओडार्टेची पेटी

ओडार्टे म्हाताऱ्याने जिवंतपणीच आपली शवपेटी बनवायला टाकली आणि तीही फटफटीच्या आकाराची, यात तेशी गावात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिथे कोळी माशाच्या आकाराच्या पेटीत पुरला जातो आणि कांदेवाली कांद्याच्या. ओडार्टेने उभा जन्म टपालखात्याच्या तारा त्याच जुन्या विलायती फटफटीवरून वाटल्या, तेव्हा त्याने फटफटीतच जावं हे रीतसर होतं. डोकेदुखी होती ती अशिते सुताराची, कारण पेटी काही केल्या पुरी होईना.

ओडार्टे दर शनिवारी फटफटी खोलायचा. प्लग घासायचा, टॅपेट नीट करायचा, चेनला तेल द्यायचा. एखादा भाग बदलला की तडक अशितेच्या अंगणात हजर. आरसा बदलला, पेटीचाही बदल. टाकीला पोचा आला, पेटीला तसाच पोचा पाड. अशितेने गुळगुळीत रंगवलेल्या टाकीवर स्वतःच्या हाताने हातोडी मारली, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

"काका, मातीखाली कोण बघणार आहे?" तो एकदा वैतागून म्हणाला.

"आमेर्ले बघेल," ओडार्टे म्हणाला.

आमेर्ले म्हणजे त्याची बायको, वारून बरीच वर्षं झालेली. ती असताना ओडार्टेला कधी फाटक वाजवावं लागलं नव्हतं. समुद्राकडच्या वळणावर फटफटीचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून फाटक उघडायची. तिच्यामागे ते काम आपोआप मुलीकडे, कोर्कोरकडे आलं. तिकडे वर गेल्यावर आमेर्लेने आपल्याला ओळखलंच नाही तर? ओडार्टेला मरणाची भीती नव्हती. बंद फाटकाबाहेर उभं राहण्याची होती.

"मग आवाजाचं काय?" अशिते सहज बोलून गेला. "पेटी तर मुकी आहे."

बोलला आणि पस्तावला. दुसऱ्याच दिवशी म्हातारा सायलेन्सर खांद्यावर टाकून आला. मागोमाग कार्बोरेटर आला, मग चाकं, आणि शेवटी हातगाडीवरून इंजिन. अशितेने कपाळाला हात लावला.

"इंजिन आत बसवलं तर तुम्ही कुठं मावणार?"

"पाय दुमडून झोपेन. जन्मभर आमेर्लेबरोबर एका खाटेवर झोपलोय, सवय आहे."

अंत्ययात्रेत पेटी खांद्यावर घेऊन नाचणारी पोरं येऊन वजन बघून गेली. एवढं धूड उचलून नाचणं आपल्या बापाच्याने होणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. ओडार्टे म्हणाला, उचलता कशाला, किक मारा.

आता एकच अडचण उरली. अशितेला अंगण मोकळं हवं होतं आणि कोर्कोर पेटी घरात घ्यायला तयार नव्हती. बापाच्या वेडाला ती हसायची, पण याबाबतीत तिने बजावून ठेवलं होतं. "आईची पेटी या फाटकातून बाहेर गेली, बाबा. दुसरी आत येणार नाही. मी काही तुम्हाला घालवायची तयारी करत बसणार नाही."

ओडार्टेने एवढंच ठरवलं की कोर्कोरचा कान आईचा आहे. तिने आवाज ओळखला तर आमेर्लेही ओळखेल.

एका संध्याकाळी तो पेटीच्या झाकणावर बसला आणि त्याने किक मारली. चौथ्या किकेला पेटी चालू झाली. लाकडाच्या पोटातून आवाज जरा घोगरा येत होता, म्हाताऱ्याला सर्दी झाल्यासारखा. अशितेने मागून ढकललं आणि पेटी रस्त्याला लागली. जाळी विणणारे कोळी उभे राहिले आणि त्यांनी टोप्या काढल्या, मग पेटीवरूनच म्हाताऱ्याने हात केला तेव्हा त्यांनी त्या परत घातल्या.

समुद्राकडच्या वळणावर ओडार्टेने नेहमीसारखा वेग कमी केला. फाटक बंद होतं. महिनाभर या घराने हा आवाज ऐकला नव्हता. तो इंजिन चालू ठेवून थांबला.

आतून चपलांचा आवाज आला आणि फाटक सताड उघडलं. केंकेच्या उंड्यांचं आंबवलेलं मक्याचं पीठ हाताला तसंच घेऊन कोर्कोर उभी होती.

"किती उशीर, मासे निवले..." ती म्हणाली, आणि मग तिने बघितलं.

ओडार्टेला बोलायचं होतं, पण रडूच फुटलं. इतकी वर्षं साठलेलं रडू होतं ते, आणि त्यात दुःख असं फारसं नव्हतं. कोर्कोरने पेटीकडे पाहिलं, उघड्या फाटकाकडे पाहिलं. फाटक तिच्याच हाताने उघडलं होतं, आता कुणाला बोलणार?

"आत घ्या," ती शेवटी म्हणाली. "रस्त्यावर तेल गळतंय."

शनिवारी ओडार्टेने अंगणात गोणपाट अंथरलं आणि पेटीचं ऑईल बदललं.