माझ्या अंगावरची दुसरी वेलांटी

मी ई-रीडर बोलतोय. टॅब नव्हे, मोठा मोबाइलही नव्हे. हे सांगून सांगून माझा जीव मेटाकुटीला आलाय. माझ्यावर सिनेमा दिसत नाही, फोन लागत नाही. मला एकच काम येतं, पुस्तक दाखवणं. आणि नेमकं तेच काम या घरात सात महिने मला कुणी दिलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझी स्क्रीन बसवली, एक बटण दाबून पाहिलं आणि मला पुढे ढकललं. कौतुक म्हणाल तर तेवढंच. मग खोका, मग दुकान. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीनं मला विकत घेतलं, माझ्यात दीडशे पुस्तकं भरली आणि गावी येऊन आपल्या वडिलांच्या हातात ठेवलं. "बाबा, यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं," ती म्हणाली.

हे वडील म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. तिथे सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणायचे, कारण पहिली वेलांटी की दुसरी, यावरून ते मालकाशीसुद्धा भांडत. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो जाणार नाही, बारीक अक्षराचा नाद सोडा. घरात भिंतभर पुस्तकं आणि झाडून सगळ्यांचं अक्षर बारीक.

मला वाटलं, चला, इथे आपली गरज आहे. कसलं काय! काकांनी मला उलटंपालटं केलं, नाकाशी धरून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "बघू. ठरवू सावकाश," म्हणाले.

ते 'सावकाश' मी भोगलंय. आधी वीजबिल उडू नये म्हणून मला त्याच्यावर ठेवलं. मग पाण्याच्या पेल्यावर झाकण केलं. शेवटी ड्रॉवरमध्ये टाकलं, जुने सेल, दांडी तुटलेला चष्मा आणि नेलकटर यांच्या सोबतीला. दर रविवारी मुलीचा फोन यायचा. "बाबा, वापरता ना?" "हो हो, झकास आहे!" बॅटरी संपून उपाशीपोटी पडलेला मी ते माझंच कौतुक ऐकायचो. असा संताप यायचा म्हणून सांगू!

काका मात्र भिंग घेऊन एक जाडजूड कादंबरी वाचत बसायचे. तिची प्रुफं त्यांनीच तपासलेली. दिवसाला दोन पानं व्हायची, मग एक, मग अर्धं.

एका दुपारी ते एकच ओळ तीनदा वाचत राहिले. पुढची ओळ काही केल्या सापडेना. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अगं, हे पुस्तक फळीवर ठेव."

काकू शिवणयंत्रावर पडदा शिवत होत्या. "आजच्यापुरतं झालं का?"

"कायमचंच झालं. संपलं माझं वाचन."

शिवणयंत्र थांबलं. काकूंनी पडदा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून बघतेय, तुमच्या ताटाशेजारी प्रूफ नाही असं एक जेवण झालं नाही. आता वाचायचं नाही, तर दिवसभर काय माझं डोकं खाणार?" त्यांनी ड्रॉवर ओढला, मला चार्जिंगला लावलं आणि तासाभरानं काकांच्या हातात कोंबलं. "नसेल आवडत तर तिला तोंडावर सांगून परत करा. पण न उघडता नको म्हणायचं नाही."

त्यांनीच चाचपडत बटणं दाबून अक्षर मोठं केलं. एका पानावर सात ओळी. काकांनी तीच कादंबरी काढली. एक पान झालं, दुसरं झालं. भिंग मांडीवरून घसरून पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चहा निवून गेला. खरं सांगतो, सात महिन्यांचा राग मी त्या दुपारी विसरलो. फार सुखात होतो मी.

तेवढ्यात ते वाक्य आलं: 'तो गार पाणि पिऊन निजला.'

काका ताठ झाले. "पाणि? पाणि म्हणजे हात! हा काय हात पिऊन निजला?" त्यांचा हात सवयीनं खिशात गेला, लाल बॉलपेन बाहेर आलं आणि चौथ्या ओळीत, जोर लावून, त्यांनी पहिली वेलांटी खोडली आणि दुसरी काढली. माझ्या स्क्रीनवर!

"अहो, हे काय केलंत!" काकू ओरडल्या. शाई ओल्या फडक्यानं पुसली गेली. ओरखडा राहिला तो राहिलाच.

काकांना वाईट वाटलं असेल म्हणता? त्यांनी आधी फळीवरची कादंबरी काढली, भिंग लावून तीच जागा शोधली. तिथे 'पाणी' होतं. "बघ! मी तपासलंय ना हे. कुणीतरी पुन्हा टाइप करताना वाट लावली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अशुद्ध आहे हे. मला नको." पुन्हा ड्रॉवर. पुन्हा नेलकटर. आता तुम्हीच सांगा, टाइप काय मी केलं होतं?

पंधरा दिवसांनी मुलगी आली. तिनं स्वतःच ड्रॉवर उघडला, मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे रविवारी तुम्ही मला थापाच मारत होता ना, बाबा?" बोलता बोलता तिनं मला सुरू केलं. "आणि हा ओरखडा कसला?"

काका चोरी पकडल्यासारखे उभे. "पाणी चुकलं होतं," ते पुटपुटले.

तिनं ती ओळ पाहिली. मग ओरखड्यावरून बोट फिरवलं. "इथपर्यंत वाचलंत तुम्ही?"

"एकवीस पानं."

"भिंगाशिवाय?"

"हं."

ती खुर्चीत बसली आणि रडू लागली. काका गडबडले. "अगं, भरून देतो मी नवीन..." "गप्प बसा हो बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या चुका कोण काढणार? आपण प्रकाशकाला कळवू."

काकांनी मला तिच्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "घरात कोरे कागद आहेत का गं?"

आता मी रोज टेबलावर असतो. शेजारी कागद. काका जाड स्केचपेननं मोठ्या अक्षरात चुका उतरवतात. वागणूक सुधारली असं समजू नका. अक्षर मोठं केलं की पानांचे आकडे बदलतात, ते माझ्यावरच ओरडतात. आणि तो ओरखडा! चौथ्या ओळीत त्या जागी 'आणि' आलं की त्यांना 'आणी' दिसतं. "चूक!" म्हणून ते पेन उचलतात, मग ती वेलांटी कुणाची ते आठवतं, आणि रागावतात पुन्हा माझ्यावरच.

गेल्या रविवारी मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, मग ठरलं का? कागदाचं पुस्तक की हे?"

"ठरवायला वेळ कुठे आहे? आधी याचं प्रूफ संपू दे," काका म्हणाले.

म्हणजे अजून माझं काही ठरलेलंच नाही. मी या घरात पुस्तक नाही, नुसतं प्रूफ आहे. या कादंबरीची शेवटची तीस पानं राहिलीत, आणि माझ्या पोटात अजून एकशे एकोणपन्नास पुस्तकं आहेत. मी रोज एकच प्रार्थना करतो, ती सगळी अशुद्ध निघू देत.