मशीनसकट

ज्या गेम कंपनीला मध्यंतरी सगळ्या खेळणाऱ्यांनी मिळून शिव्यांची लाखोली वाहिली, तिचे मला मनापासून आभार मानायचे आहेत. आमच्या गेम खेळणाऱ्या मंडळींसमोर हे बोलले तर ती माझ्याशी बोलणं टाकतील, म्हणून इथे सांगते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबरप्रमाणे काच कापायची, कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून डोळे ताणायचे आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीसमोर गेम खेळत बसायचं, हा माझा क्रम. ‘या वयात गेम?’ असं कुणी विचारलंच तर मी ‘मग कुठल्या वयात?’ असं विचारते. 

आमच्या रस्त्याच्या टोकाला, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, जुन्या गेमचं दुकान आहे. तिथे खेळून झालेली डिस्क द्यायची आणि दुसऱ्या कुणाची खेळून झालेली घ्यायची. दुकान चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे आत्या म्हणतात. आत्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. हातात कंट्रोलर दिला तर तो टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखून धरतात. पण कुठल्या गेममध्ये लोक कुठे अडतात, ते त्यांना तोंडपाठ आहे, कारण त्यांच्या दुकानाचा एक रिवाज आहे. डिस्क परत करणाऱ्याला त्या स्टुलावर बसवतात आणि विचारतात, “कुठे अडला होतात?” त्याने सांगितलेलं ती डिस्क पुढे नेणाऱ्याला जसंच्या तसं सांगतात. सांगितल्याशिवाय जुनी डिस्क घेत नाहीत आणि ऐकल्याशिवाय देत नाहीत. एकदा एका घाईतल्या गृहस्थांनी “मला नका सांगू, मजा जाते,” म्हटलं, तर आत्यांनी त्यांच्या हातातून डिस्क काढून घेतली होती.

आता माझ्या दादाबद्दल. तो लिफ्ट दुरुस्त करतो, माझ्यापासून चार बसथांब्यांवर राहतो आणि आम्ही तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. आई गेल्यावर तिचं घर आवरताना त्याने आमचं लहानपणचं गेमचं मशीन भंगारात देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी वहिनीसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, “एवढा जीव होता तर आवरायला का नाही आलीस?” त्याचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. दोघांचंही खरं असलं की भांडण मिटता मिटत नाही.

ते मशीन एक आणि आम्ही दोघं, त्यामुळे पहिला हात नेहमी दादाचा असायचा. तो खेळायचा, मी शेजारी बसून सूचना करायचे. तो हरला की माझी पाळी. डाव्या-उजव्याचा माझा तेव्हापासून घोळ आहे. मी सांगायचे उजवीकडे आणि दाखवायचे डावीकडे. आजही कामावर डाव्या डोळ्याच्या काचेवर मी शाईचा ठिपका दिल्याशिवाय पुढे जात नाही.

अबोला सुरू होऊन काही महिने झाले असतील. आत्यांच्या दुकानात एका पाणबुड्याचा गेम दिसला. समुद्रात बुडालेलं शहर, त्यात हा पाणबुड्या एकटा फिरतो. मी डिस्क उचलली, तशा आत्या म्हणाल्या, “यावर निरोप आहे हं. देणारा लिफ्टवाला होता. म्हणाला, घंटाघरात शिरल्यावर डावीकडे जाऊ नकोस. आणि वर म्हणाला, तिला सावकाश सांगा, तिला डावं-उजवं कळत नाही.”

“तिला म्हणजे कुणाला?” मी विचारलं.

“ते मी कशाला विचारू?” आत्या म्हणाल्या आणि डिस्क पुसायला लागल्या.

तेव्हापासून आमचं बोलणं आत्यांच्या तोंडून चाललं. दादा नवीन गेम घ्यायचा, संपवायचा, आत्यांकडे द्यायचा. आत्या ती डिस्क काउंटरखाली ठेवायच्या आणि मी गेले की निरोपासकट माझ्या हातात द्यायच्या. सुरुवातीला निरोप गेमचेच होते. मग पाणबुड्याचा दुसरा भाग आला, तेव्हा आत्या म्हणाल्या, “पुलावरचं संकट मोठं आहे म्हणे. त्याच्या आधी काहीतरी खाऊन घे, उपाशीपोटी तुझं डोकं चालत नाही.” पाणबुड्याला खायची सोय त्या गेममध्ये कुठेच नव्हती. मी घरी जाऊन बिस्किटं खाल्ली आणि मग पूल ओलांडला. दुसऱ्या दिवशी आत्यांना सांगितलं, “त्याला सांगा, खाल्लं.”

असं छान चाललं होतं. मग कंपनीने नवीन मशीन आणायचं जाहीर केलं आणि त्याबरोबर एक अट घातली. डिस्क ज्या मशीनमध्ये पहिल्यांदा घालाल, फक्त त्याच मशीनवर ती चालणार. दुसऱ्याच्या मशीनमध्ये घातली तर नुसती गरगर फिरेल. थोडक्यात, जुनी डिस्क कुणाला देता येणार नाही.

त्या संध्याकाळी आत्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळेच तावातावाने बोलत होते. गणिताचे एक मास्तर, जे एरवी फक्त फुटबॉलचा गेम खेळतात आणि एक शब्द बोलत नाहीत, ते चक्क स्टुलावर उभे राहिले. “मी खुर्ची घेतली तर तिच्यावर पाहुण्याने बसायचं नाही, असं सुतार सांगतो का?” ते ओरडले. दवाखान्यातली एक सिस्टर रात्रपाळीला जायच्या गणवेशातच आली होती. ती म्हणाली, “आमच्या वॉर्डात अख्ख्या गटाने मिळून एक गेम फिरवलाय. आता काय, प्रत्येकीने आपापला घ्यायचा?” एक दाढीवाला, ज्याला सगळे सेनापती म्हणतात, त्याने जाहीर केलं की तो नवं मशीन घेणार नाही, त्याचा मुलगा घेणार नाही आणि त्याचा नातूही घेणार नाही. सेनापतीचं अजून लग्न व्हायचं आहे.

गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात चित्रं काढणारी मुलगी तिथे होती. ती हळूच म्हणाली, “आमचंही पोट त्याच्यावरच आहे ना. जुनी डिस्क फिरली की आम्हाला काहीच मिळत नाही.”  आत्यांनी तिच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, “तुझं बरोबर आहे ग. पण याला दुसरा काहीतरी उपाय शोधा. माणसाचा हात बांधू नका.” मग पुन्हा गलका सुरू झाला. कंपनीला काय काय लिहून पाठवायचं, ते मास्तर सांगत होते आणि सेनापती मोबाइलवर टाइप करत होता.

मी कोपऱ्यात उभी होते.  बाकीच्यांचा गेम जाणार होता, माझा दादा जाणार होता. पाणबुड्याचा तिसरा भाग फक्त नव्या मशीनवर यायचा होता. दादाची डिस्क दादाच्याच मशीनला बांधली गेली की आत्यांकडे द्यायला त्याच्याजवळ काही उरणार नव्हतं आणि माझ्याजवळ घ्यायला. निरोप कशावर ठेवणार? फोन होता की, असं तुम्ही म्हणाल. फोन दोघांकडे होता. तो तीन वर्षं होता.

नवं मशीन आलं आणि मी पहिल्याच आठवड्यात बाजारात जाऊन ते घेऊन आले. गेम मात्र घेतला नाही. दुकानदाराने दोनदा विचारलं, “बाई, नुसतं मशीन? त्याच्यावर खेळणार काय?” मी म्हटलं, “बघू.” पाणबुड्याची नवी कोरी डिस्क समोर फळीवर होती. पण ती घेतली असती, तर दादाने आधी खेळायचं आणि मग मी, हे सगळं मी माझ्याच हाताने मोडलं असतं. मशीन टीव्हीखाली ठेवलं. रोज त्याच्यावरची धूळ पुसायची आणि कामाला जायचं.

एका शनिवारी आत्यांनी मला दारातच अडवलं. “तुझा लिफ्टवाला आला होता. तिसरा भाग घेऊन. संपवला म्हणाला. मी म्हटलं, अरे, तो नाही चालायचा. म्हणाला, लावून तर बघा. माझ्या इथल्या नव्या मशीनमध्ये घातला, पडद्यावर पाटी आली, डिस्क दुसऱ्या मशीनची आहे म्हणून. मग डबी उचलली आणि उभा राहिला.”

“निरोप काय दिला?”

“काहीच नाही. एवढंच विचारलं, ती अजून त्याच घरात राहते का.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?”

घरी येईपर्यंत माझे डोळे भरून आले होते. दादाचा नंबर काढला, बघत बसले आणि फोन ठेवून दिला.  घंटाघराबद्दल बोलू, की आईच्या घराबद्दल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सेनापतीचा मेसेज आला, सगळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. कंपनीने माघार घेतली होती. लोकांचा ओरडा पाहून अट काढून टाकली होती. मशीन इंटरनेटला जोडलं की ते आपोआप सुधारणार आणि कुठलीही डिस्क कुठल्याही मशीनवर चालणार. मी घरातल्या घरात एक उडी मारली. आता दादा डिस्क आत्यांकडे देईल, आज नाही तर उद्या निरोप येईल, सगळं पूर्वीसारखं होईल. आत्यांकडे जायला म्हणून चपला घातल्या, तेवढ्यात बेल वाजली.

दारात दादा. केस पिकलेले, हातात लिफ्टच्या हत्यारांची ती मोठी पिशवी. कुठल्यातरी अपघातातून बाहेर पडल्यासारखा चेहरा.

“बारके,” तो म्हणाला. तीन वर्षांनी मला कुणी बारके म्हटलं. “ती डिस्क दुसऱ्या मशीनवर चालत नाही म्हणे. म्हणून मशीनच आणलंय.”

त्याने पिशवी उघडली. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं मशीन, वायरींची भेंडोळी, दोन कंट्रोलर आणि चुकून राहिलेला एक पाना. एवढं ओझं घेऊन तो बसने आला होता. “तुझी वहिनी म्हणाली, घेऊन जा, नाहीतर असं पडलेलं तोंड घेऊन घरात फिरू नका.”

मी तोंड उघडलं होतं. ‘अरे, सकाळीच अट काढली,’ हे वाक्य अगदी जिभेवर होतं. मग वाटलं, हे सांगितलं तर हा म्हणेल, बरं झालं, मग ही डिस्क ठेव. आणि दारातूनच परत जाईल. मी वाक्य गिळलं. “आत ये,” म्हटलं. तो बूट काढत होता तेवढ्यात धावत जाऊन टीव्हीखालच्या माझ्या मशीनवर उशीचा अभ्रा टाकला.

त्याने गुडघ्यावर बसून वायरी लावल्या. अभ्र्याकडे एकदा बघितलं. वायर खोचता खोचता, टीव्हीमागून म्हणाला, “ते जुनं मशीन. मला वाटलं बंदच पडलंय.”

“बंदच होतं रे. पण आपलं होतं.”

“हो,” तो म्हणाला. “दिल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेलो होतो. तोवर त्याने पुढे पाठवलं होतं. तुला सांगायला तोंड नव्हतं.”

 त्याच्या पाठीवर हात ठेवला. टीव्हीमागे शिरलेल्या माणसाची तेवढीच जागा हाताला लागते.

मशीन सुरू झालं. त्याने इंटरनेटचा पासवर्ड विचारला आणि मी वेंधळीने सांगूनही टाकला. लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. पट्टी भरत भरत पूर्ण झाली आणि अख्ख्या पडद्यावर मोठी पाटी आली. आता कोणतीही डिस्क कोणत्याही मशीनवर खेळता येईल, ग्राहकांचे आभार, वगैरे वगैरे, खाली ‘मान्य’ असं बटण.

मी दादाकडे बघितलं. वाचताना त्याचे ओठ हलतात, लहानपणापासून. ते पाटीच्या शेवटापर्यंत हलले आणि थांबले. मग त्याने अभ्र्याकडे बघितलं.

“काय लिहिलंय ग?” तो म्हणाला. “चष्मा घरी राहिला.”

मी दिवसभर चष्मेच बघते. त्याचा चष्मा त्याच्या नाकावर होता. काचाही स्वच्छ पुसलेल्या होत्या.

“काही नाही,” मी म्हटलं. “नेहमीचंच. अटी मान्य आहेत का, विचारतायत.”

“मग कर मान्य,” तो म्हणाला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. “पहिला हात तुझा. मी अजून खेळलो नाहीये. आत्यांना म्हटलं होतं संपवला म्हणून, पण डिस्क नुसती एकदा मशीनमध्ये घालून काढली. एकट्याने सुरूच करवेना.”

मी बटण दाबलं. पाणबुड्या पाण्यात उतरला, निळा उजेड खोलीभर पसरला आणि समोर दोन वाटा आल्या, उजवीवर दिवे लावलेले, डावी अंधारी. मी वळले.

“अगं, ती डावी! उजवीकडे जा, उजवीकडे!” दादा कानाशी ओरडला. तीन वर्षं त्याचं बोलणं मी आत्यांच्या मऊ आवाजात ऐकलं होतं. किती मोठ्याने ओरडतो हा, ते विसरूनच गेले होते. देव त्या कंपनीचं भलं करो, असं मनात म्हणत मी पाणबुड्याला बाहेर काढलं आणि या वेळी, अगदी नीट कळून सवरून, पुन्हा डावीकडे नेलं.