दोष आढळला नाही

गाडी दुरुस्तीला टाकलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतेय!" आपण जीव तोडून सांगत असतो की आवाज येतो, झटका बसतो. आणि समोरचा माणूस असा बघतो, जणू आवाज गाडीत नसून आपल्या डोक्यात आहे.

हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा म्हणणारे एक गृहस्थ होते. एका मोठ्या वर्कशॉपचे मुख्य तपासनीस. पाना-पक्कड हातात घेऊन सुरुवात केली, बावीस वर्षांत काचेच्या केबिनपर्यंत पोहोचले. नव्या मेकॅनिकांना शिकवायची हौस होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण बावीस वर्षांत त्यांची एक खात्री होऊन बसली होती, की दहातल्या नऊ तक्रारी या गाडीच्या नसतात, माणसाच्या असतात.

त्या सोमवारी काउंटरवर एक परिचारिका उभी होती. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची, कपाळावर आठ्या, हातात दवाखान्याची फाइल. दवाखान्याची गाडी घेऊन ती डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये फिरायची आणि अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांची मलमपट्टी, इंजेक्शनं करायची. तिला सगळे सिस्टर म्हणत.

"चार दिवसांपूर्वी मी फिरतीवरून आले," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यासमोर चढ आहे. गाडी चढावर लावली, गिअर न्यूट्रलला आणला, पार्किंग ब्रेकचं बटण ओढलं, लाल दिवा लागला. मी बघितला. आत गेले. वीसेक मिनिटांनी गाडी आपोआप मागे घसरली. आमच्या वॉचमननं हातांनी अडवायला बघितलं. त्याचं मनगट मोडलं."

"मॅडम, कधीकधी बटण ओढल्यासारखं वाटतं, पण पूर्ण ओढलं जात नाही," मास्तर समजुतीनं म्हणाले. "जुन्या गाड्यांना दांडा होता, हाताला कळायचं. हे बटण नवीन. वयाचा प्रश्न नाही हो, सवयीचा आहे."

"वयाचा विषय मी काढला नव्हता. तुम्ही काढलात."

मास्तर जरा वरमले. गाडी वर्कशॉपच्या मधोमध उभी होती. त्यांनी स्वतः बटण ओढलं. मागच्या चाकांपाशी मोटरची घरघर झाली, दिवा लागला. दोन मेकॅनिकांनी गाडी ढकलून बघितली. गाडी तसूभर हलली नाही. संगणक लावला, एकही चूक नोंदलेली नव्हती. मास्तरांनी अहवालात लिहिलं, 'दोष आढळला नाही. ग्राहकाची हाताळणी चुकीची.' आणि खाली सही ठोकली.

सिस्टरनी ती ओळ दोनदा वाचली.

"गाडी इथेच तपासली ना? या सपाट फरशीवर?"

"हो."

"आणि गार होती."

"दोन दिवस इथेच उभी आहे, गारच असणार."

"त्या दिवशी मी पाऊण तास ब्रेक दाबत डोंगर उतरले होते. चाकांना हात लावला असता तर पोळला असता. आमच्याकडे पेशंट सांगतो, संध्याकाळी ताप चढतो. आम्ही सकाळी थर्मामीटर लावून 'तुम्हाला ताप येतच नाही' असं लिहीत नाही हो!"

एवढं बोलून त्यांनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि निघून गेल्या. मास्तर मेकॅनिकांकडे बघून हसले. पण ते हसू काही नीट जमलं नाही.

गुरुवारी दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. "तुमचा अहवाल मिळाला, बरं झालं. सिस्टरच्या हातात आता गाडी देत नाही. वॉचमनचा हात मोडला, उद्या कुणाचा जीव जायचा."

"मग फिरती कोण करणार?" मास्तरांनी सहज विचारलं.

"तोच तर घोळ आहे. अठ्ठावीस पेशंट आहेत. बघू कुणी मिळतंय का."

फोन ठेवला, पण मास्तरांना खुर्चीत बसवेना. केबिनमधून बाहेर आले, परत आत गेले. तक्रारींचं रजिस्टर काढलं. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबायला लागलं. याच मॉडेलच्या गाड्या, सगळ्या हातानं गिअर टाकायच्या. 'पार्क केलेली गाडी हलली.' 'उतारावर लावली होती, खाली गेली.' दोन वर्षांत अकरा तक्रारी. अकराही ठिकाणी एकच ओळ, आणि अक्षर त्यांचंच.

एखाददोघं खरंच विसरले असतील. पण अकरा जण?

संध्याकाळी घरी आले तर बायको नुकतीच परतली होती. ती पोहायला शिकवायची. तिची गाडीही त्याच मॉडेलची, मास्तरांनीच पसंत करून घेतलेली.

"गाडी कुठे लावलीस?"

"रोजच्या जागी. उतारावर."

"गिअरमध्ये ठेवलीस का?"

"गिअरमध्ये कशाला? बटण ओढलं की झालं. तुम्हीच तर सांगितलंत, आता ते गिअरबिअरचे जुने सोपस्कार सोडून दे म्हणून!"

मास्तरांचा चेहरा उतरला. खरंच सांगितलं होतं त्यांनी. मोठ्या रुबाबात सांगितलं होतं.

त्या उताराच्या तळाशी शेजारची मुलं चेंडू खेळत होती. मास्तर चपला न घालताच खाली धावले. गाडी उताराकडे तोंड करून जागच्या जागी उभी होती. त्यांनी ती रिव्हर्स गिअरमध्ये टाकली, पुढची चाकं कडेच्या दगडी काठाकडे वळवली आणि वर आले. जेवताना उठून खिडकीतून दोनदा बघितलं. बायकोनं ताट बाजूला सारलं.

"नक्की काय झालंय? सांगणार आहात का मी ओळखायचं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती बाई म्हणतेय तसं एकदा करून का नाही बघितलंत?"

वेळ नव्हता म्हणावं, तर ते खोटं होतं. त्यांना गरज वाटली नव्हती, हे खरं होतं.

रविवारी सकाळी दोघं बायकोची गाडी घेऊन डोंगरावर गेली. येताना मास्तरांनी मुद्दाम सारखे ब्रेक दाबत गाडी उतरवली. खाली येईपर्यंत चाकांतून जळका वास यायला लागला. मग एका रिकाम्या रस्त्यावर त्यांनी गाडी चढाकडे तोंड करून उभी केली, मागच्या दोन्ही चाकांच्या मागे वीतभर अंतर सोडून जाड लाकडी ठोकळे ठेवले, गिअर न्यूट्रलला आणला आणि बटण ओढलं. घरघर झाली. लाल दिवा लागला. दोघं उतरून बाजूला उभी राहिली, बायकोनं मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला.

पाच मिनिटं झाली. काही नाही. दहा झाली.

"नाही बहुतेक," बायको म्हणाली.

खरं सांगायचं तर गाडी हलू नये असंच त्यांना मनातून वाटत होतं. हलली नाही, तर आपण बरोबर! बावीस वर्षं बरोबर! ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिले, घड्याळ बघत राहिले.

चौदाव्या मिनिटाला 'कट' असा बारीक आवाज झाला. गाडी इंचभर मागे आली. थांबली. आणि मग कुणी हात सोडून द्यावा तशी सरकली आणि धाडकन ठोकळ्यांवर येऊन आदळली!

बायकोनं मास्तरांचा दंड घट्ट धरला. मास्तर पुढे झाले, आत वाकून चावी फिरवली. लाल दिवा लागला. गाडी ठोकळ्यांवर रेललेली, आणि दिवा सांगत होता, ब्रेक लागलेला आहे!

"अहो, पण असं होतंच कसं?" बायकोनं विचारलं.

"ब्रेकची तापलेली चकती गार होताना आकसते," मास्तर म्हणाले. "पकड सैल पडते. यंत्रणेनं थोड्या वेळानं ती पुन्हा आवळायला पाहिजे. ही आवळतच नाहीये. दिव्याला फक्त बटण ओढलेलं कळतं, पकड सुटलेली कळत नाही. ऑटोमॅटिक गाडीत 'पी', म्हणजे पार्किंग, टाकला की आणखी एक अडसर बसतो. गिअरच्या गाडीत तो अडसर म्हणजे गिअर. आणि तोच मी तुला सोडायला सांगितला."

सोमवारी त्यांनी मॅनेजरसमोर चाचणीचा व्हिडिओ आणि अकरा तक्रारींची यादी ठेवली. मॅनेजरनी खुर्ची मागे ढकलली.

"मास्तर, कंपनीचं पत्र आलेलं नाही. आपण कशाला अंगावर ओढवून घ्यायचं?"

"अंगावर आलेलंच आहे. त्या वॉचमनच्या."

"आणि तुमच्याच सह्या आहेत अकरा ठिकाणी. लोक तुम्हालाच विचारतील."

"विचारू देत. मी चुकलो, असं सांगेन."

मॅनेजर बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग त्रासिक आवाजात म्हणाले, "पाठवा कंपनीला. पण भाषा जरा सांभाळून."

मास्तर तिथून थेट दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या टेबलावर नवा अहवाल ठेवला आणि उभ्यानंच म्हणाले, "आधीचा अहवाल चुकीचा होता. दोष गाडीत आहे. सिस्टर पहिल्यापासून खरं सांगत होत्या."

डॉक्टरांनी सिस्टरना बोलावलं. मास्तर त्यांची माफी मागायला लागले, तशी सिस्टरनी हातानं थांबवलं.

"माझं राहू द्या. मी भांडायला खमकी आहे. आठवडाभर तंगडतोड करत पायी जाऊन नऊ पेशंट तरी उरकले. पण मला सांगा, असं किती जणांना लिहून दिलंय तुम्ही?"

"माझ्याशिवाय दहा... म्हणजे तुमच्याशिवाय दहा." मास्तर गडबडले.

"त्यांच्यात माझ्यासारखे भांडणारे किती होते?"

मास्तरांना एकही आठवेना.

"माझ्यापुढे ओशाळलात तेवढं पुरे झालं. आता त्या दहा जणांना फोन करा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तुमच्या तोंडानं सांगा."

दुपारी मास्तरांनी केबिनचं दार लावलं आणि फोन सुरू केले. प्रत्येकाला गाडी तपासायला आणायला सांगितलं, आणि तोवर गाडी उभी करताना काय काय करायचं तेही सांगितलं. एकानं शिव्या घातल्या. मास्तरांनी त्या ऐकून घेतल्या. एक बाई म्हणाल्या, "मी खरंच बटण ओढलं नव्हतं हो, तेव्हा कबूल करायची लाज वाटली." दोघांनी फोन उचललाच नाही.

शेवटचा फोन एका निवृत्त नकाशे काढणाऱ्या गृहस्थांना होता. त्यांची गाडी दीड वर्षापूर्वी उतारावरून जाऊन एका कुंपणात घुसली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. पलीकडे चालू असलेला टीव्ही कुणीतरी बंद केला.

"हॅलो?"

"म्हणजे... मी विसरलो नव्हतो?" पलीकडून म्हातारा आवाज आला.

"नाही काका. तुम्ही बटण ओढलं होतं. माझंच चुकलं."

"तुमचा तो कागद आला ना, तेव्हापासून घरात सगळे म्हणायला लागले, बाबा विसरायला लागलेत. मलाही पटलं. गाडी सोडली. मग गॅस बंद केला का, दार लावलं का, दहा-दहा वेळा बघायला लागलो. नातीला शाळेतून आणायला मी जायचो, तेही बंद केलं. म्हटलं, हिलाही कुठे विसरून आलो तर?" ते थांबले. "थांबा हं. फोन ठेवू नका. हे जरा माझ्या मुलालाही सांगाल का? त्याला तुमच्याच तोंडून ऐकू दे."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "द्या काका. त्यांना द्या फोन."

पुढे अडीच महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं आणि त्या मॉडेलच्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या गेल्या. सिस्टर त्याआधीच दुसरी, जुन्या दांड्याची गाडी घेऊन फिरतीवर निघाल्या होत्या. आणि त्या वर्कशॉपमध्ये आता ब्रेकची तक्रार आली, की गाडी चढावर नेतात, तापवतात, गार होईपर्यंत थांबतात. वेळ जातो. मॅनेजर कुरकुरतात, पण नाही म्हणत नाहीत.

वाचकहो, तुमच्याकडे गिअरची गाडी असेल आणि तिला हा बटणाचा ब्रेक असेल, तर नुसत्या दिव्यावर भिस्त ठेवू नका. चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर आणि पुढची चाकं काठापासून बाहेर वळवलेली, उताराकडे असेल तर रिव्हर्स आणि चाकं काठाकडे वळवलेली. यात अर्धं मिनिटही जात नाही. आणि तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला बसत असाल, मग ते वर्कशॉप असो, कचेरी असो की दवाखाना, तर समोरच्याला 'तुमचंच चुकलं' असं लिहून देण्याआधी तो सांगतोय तसं एकदा करून बघा. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. पण माणसाचा स्वतःवरचा विश्वास आपण एका ओळीत मोडतो, आणि तो मोडलेला आपल्या कुठल्याच रजिस्टरात दिसत नाही!