दुपारच्या रेघेवरचा जग

मित्रांनो, मी एक जुना काचेचा जग आहे. जुन्या वस्तू बोलू लागल्या की आधी आपल्या जन्माचं सांगतात, तसं मीही सांगतो. भट्टीपाशी उभ्या असलेल्या एका कारागिराने नळीतून फुंकर मारली आणि मी झालो. त्याची थोडी फुंकर माझ्या बुडाशी अडकून राहिली. तिथे वाटाण्याएवढा बुडबुडा दिसतो ना, तो त्याचा श्वास. कारागीर जाऊन किती वर्षं झाली. श्वास अजून आहे. तेव्हा माणूस गेला की त्याचं सगळंच जातं, असं निदान मला तरी सांगू नका.

मला घरी आणलं आजोबांनी. ते नळदुरुस्ती करत. लोकांच्या घरचं पाणी वाया जाऊ नये म्हणून आयुष्यभर झटले, आणि स्वतःच्या घरी मात्र पाणी नातीच्या पोटात कसं जाईल या विवंचनेत असत. नात एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आजोबांनी कानशीने माझ्या अंगावर दोन रेघा ओढल्या. वरची दुपारची, खालची संध्याकाळची. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या त्या वेळी पाणी त्या त्या रेघेपर्यंत उतरलंच पाहिजे, असा घरचा कायदा होता. उतरलं नाही तर आजोबा नखाने माझ्या काठावर वाजवत. टण्. मी भरलेला असलो की आवाज दबका यायचा, जसजसा रिकामा होई तसतसा खणखणीत. खालच्या मजल्यावर शाळेत घंटा वाजवणाऱ्या काकू राहत. त्यांना छतातून तो ऐकू जायचा, आणि पोर आज किती पाणी प्यायली हे त्या बसल्या जागी सांगायच्या.

आजोबांचे आणखीही नियम होते. सकाळचं ऊन खेळायला, दुपारचं ऊन खिडकीतून बघायला. डोक्यावर टोपी असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बाहेरून आल्यावर हातपाय धुवायचे, मगच खाण्याला हात लावायचा. भिंगरी नाक मुरडायची, पण ऐकायची, कारण आजोबा तिच्या घोटाला आपला घोट जोडत. त्या दिवसांत माझं फार कौतुक होतं. आई मला पुसून रोज उन्हात धरायची आणि बुडबुडा चमकायचा.

मग थंडीत आजोबा गेले.

पुढच्या उन्हाळ्यात आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. सकाळी मला भरून ठेवायची, रेघेची आठवण करून द्यायची, घराची जादा किल्ली काकूंकडे द्यायची आणि निघायची. संध्याकाळी आली की आधी माझ्याकडे बघायची. पाणी उतरलं म्हणजे पोर प्यायली, असाच या घरातला हिशेब होता.

पहिल्याच दुपारी भिंगरी जमिनीवर कागद कापत बसली होती. मी काठोकाठ भरलेला होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. आणि टण् असा आवाज झाला.

मित्रांनो, आवाज माझ्यातून आला, पण मी केला नव्हता. मला हात कुठे आहेत? काठाला काहीतरी टणक लागलं, ओळखीचं. भिंगरीने मान वर केली. आजोबांची खुर्ची रिकामीच होती. पुन्हा टण्. तिची हालचालच थांबली. मग ती उठली, दोन्ही हातांनी मला उचललं आणि खिडकीतल्या वेलीच्या कुंडीत माझं पाणी ओतलं, बरोबर दुपारच्या रेघेपर्यंत. आवाज थांबला. तेव्हापासून ती रोज दोन्ही रेघांच्या वेळी तसंच करू लागली. मी आतल्या आत किती ओरडलो असेन, पण पालथ्या घड्यावर पाणी.

वेल बघता बघता फोफावली. पानं तळहाताएवढी झाली, भर दुपारी गार आणि ओलसर. तिचा एक तंतू सरकत सरकत आला आणि माझ्या मुठीला वेढा घालून बसला. इकडे भिंगरीचे ओठ फुटले, डोकं दुखू लागलं, जेवण नकोसं झालं. आई म्हणायची, उन्हाचे दिवस आहेत, व्हायचंच, पाणी तर वेळेवर पितेस. वेल पोसत होती आणि पोर सुकत होती. मला त्या वेलीची भीती वाटू लागली.

मग तो दिवस आला. आवाज सुरू व्हायच्या आत घराबाहेर पडावं म्हणून भिंगरी भर उन्हात टोपीशिवाय गच्चीवर गेली. परतली तेव्हा तोंड लालबुंद होतं. ती टेबलाकडे आली, माझ्याकडे हात केला आणि खाली कोसळली. मी तसाच काठोकाठ भरलेला. टण्. टण्. टण्. इतक्या जोरात मला कुणी कधी वाजवलं नव्हतं. माझ्या काठाला तडा गेला, आणि तरीही ते नख थांबेना.

जिन्यावर पावलं वाजली आणि जादा किल्लीने दार उघडलं. काकू आत आल्या त्या आधी माझ्याकडे बघून थबकल्या. "वाजवणारा गेला," त्या हळूच म्हणाल्या, "आणि जग भरलेला वाजतोय." मग त्यांनी पोरीला सावलीत ओढलं, मानेवर, कपाळावर ओली फडकी ठेवली. तिने डोळे उघडल्यावर घोटघोट पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावणं आणि आईला निरोप धाडला.

आई धावत आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भिंगरीने तिचा पदर धरला. "आजोबा वाजवतात," ती म्हणाली. "पाणी खाली गेलं की थांबतात. म्हणून मी कुंडीत ओतते."

सगळ्यांनी वेलीकडे पाहिलं. काच तापली की वाजते, असं काकू म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. आई खाली बसली. "मी रोज रेघ बघत होते गं," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघितलंच नाही."

मित्रांनो, काठाचा तडा पुढे बुडापर्यंत उतरला, आणि तडा गेलेल्या जगात पाणी राहत नाही. आता मी फडताळावर रिकामा असतो. भिंगरी दुपारी काकूंकडे थांबते, पेल्याने पाणी पिते, आणि काकू तिच्या घोटाला घोट जोडतात. तुम्हीही तहानेची वाट बघू नका, आणि कुणाला दाखवण्यासाठी पाणी पिऊ नका. रेघेला फसवता येतं, शरीराला येत नाही.

संध्याकाळी भिंगरी वर आली की स्टुलावर चढते आणि माझ्या काठावर नखाने हळूच वाजवते. "प्यायले हं, आजोबा," असं सांगते. आता ती घाबरत नाही.

मी थोडा घाबरतो. कारण मी कोरडा ठणठणीत आहे, आणि आवाज मात्र भरलेल्या जगाचा येतो.