उजेडात जेवणारी

शेंगदाण्याच्या पोत्यात पत्र्याचं माप खुपसलं की एक कोरडा, खळाळता नाद उठतो, आणि कार्तिकातल्या कोवळ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात फोलपटांची तांबूस धूळ क्षणभर तरंगत राहते. शिवलीलावहिनी आठवली की आधी तो नाद ऐकू येतो; मग त्या धुळीतून वर येणारा तिचा हात दिसतो. निमुळता, नेटका, मापात एक दाणा कमी की जास्त होऊ न देणारा हात. नखं मात्र कोऱ्या कागदासारखी. लाल दाण्यांच्या राशीत दिवसभर बुडणाऱ्या त्या बोटांना लालीचा एक थेंबही लागलेला नव्हता. मी तो हात पाहिला आणि माझं डोकं फिरलं. त्यातलं सौंदर्य वगैरे मला नंतर सुचलं. आधी संतापच आला, हे सांगून टाकते.

चौसाळ्यात हमरस्त्याला लागून त्यांचं किराणा दुकान, दुकानामागे घर. वाण्याचं शैव कुटुंब. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पूजा झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, आणि अंड्याचा उच्चारसुद्धा उंबऱ्याबाहेर. तूर, मूग, मटकी, हरभरा, तीळ, गूळ, राजगिरा. धरित्रीने आपल्या उदरातून वर पाठवलेली सारी समृद्धी पोत्यांची तोंडं उघडी टाकून त्या चार भिंतींत बसलेली. आणि तिच्या मधोमध, पाचवा महिना लागलेली ही बाई, दिवसाला दीड भाकरीवर.

ही गरिबी नव्हती, हा नियम होता. आत्याबाईंचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा. पाचव्या महिन्यापासून तूप बंद, तीळगूळ बंद, वरण पाण्यासारखं. शिवाय साऱ्यांची जेवणं उरकल्यावर उरेल त्यावर तिने बसायचं. का, तर पोटात पोर मोठं झालं की अडतं, बारक्या पोरानं बाई सुटते. पहिल्या खेपेला याच नियमाने तिला मुलगी झाली होती, ओंजळीत मावेल एवढी. अकरा दिवस ती श्वासाशी झगडली आणि गेली. आता हे दुसरं. रक्त कमी असल्याचं डॉक्टरांनी लाल शाईने लिहून दिलं होतं. तो कागद गोळ्यांसकट देवळीत धूळ खात पडला होता. मला त्या घरात दुसरं काही दिसेना. हे मूल जगायचं असेल तर या बाईने जेवलं पाहिजे, आणि आजपासून जेवलं पाहिजे.

मी माजलगावची, बीडच्या एका महिला मंडळात काम करणारी, पत्रकं लिहून लिहून जिभेला धार आलेली. पिशवीत ‘गरोदर मातेचा आहार’ होता, चार रंगांत छापलेला, मजकूर माझाच. आणि बरोबर मध्यभागी, उगवत्या सूर्याच्या थाटात, एक अंडं. आत्याबाईंनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा, आणि माझ्या पिशवीत परत टाकला.

“आमच्यात हे चालत न्हाई, बाई. आन् पोटुशीनं काय खावं ते आता कागदात बघून ठरवायचं व्हय? आमी काय हवा खाऊन बाळंत झालो?”

“हवेवरच ठेवलंय तुम्ही सुनेला,” मी म्हणाले. जीभ आवरायला हवी होती. नाही आवरली. आत्याबाई आत गेल्या आणि मधलं दार लावून घेतलं.

चूक माझी होती, आणि ती आजही टोचते. जिथे अंडं शिरणार नाही त्या घरात मी अंडं घेऊन गेले, आणि जिथे कडधान्यांची आरास मांडलेली होती तिथे एका शब्दानेही म्हटलं नाही की बायांनो, तुमचं औषध तुमच्याच पोत्यांत आहे. शाकाहारी घराला शाकाहारात उत्तर देता येत नसेल तर ते पत्रक जाळावं. मी जाळलं नाही, पण पुढच्या खेपेला घरीच ठेवून गेले.

त्या खेपेला मी तिच्या शेजारी पोत्याला टेकून बसले आणि पोत्यांकडे बोट दाखवत बोलले. मटकीला, हरभऱ्याला मोड आणा. मेथी-चाकवतावर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. मूठभर दाण्यांसोबत गुळाचा खडा. तीळ, बाजरी, दूध, दही रोज. गोळी चुकवायची नाही, आणि अंडं-मांस नाही म्हणून आणखी काही लागतं का, ते डॉक्टरांना विचारायचं. ती माप भरत ऐकत होती. शेवटी मी आवाज बारीक करून म्हटलं, “सासूबाईंना कळू द्यायचं नाही. दाणे पदराआड ठेवायचे, येता-जाता तोंडात टाकायचे.”

ती हसली. हिवाळ्यातल्या विहिरीतून निघणाऱ्या वाफेसारखं, खोलातून आलेलं ते हसू.

“चोरून खाल्लेलं अंगी लागत न्हाई, ताई. आन् पोटातल्याला आतापासूनच चोरी शिकवू का?”

आणि मग तिने जे केलं ते कुठल्याही पत्रकात नव्हतं. माझा मुक्काम तेव्हा चौसाळ्यातच होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकान सताड उघडं असताना, रस्त्यावरून मालट्रका घरघरत जात असताना, ती दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसली आणि समोर ताट घेतलं. बाजरीची भाकर, मटकीची उसळ, मेथी, वाटीभर दही, अर्धं लिंबू. घास ती सावकाश घ्यायची. प्रत्येक घासाआधी तिची बोटं किंचित थांबत, जणू कुणाला विचारून घेतायत. मग भाकरीचा तुकडा उसळीत बुडे आणि तिच्या कानशिलाखालची शीर लयीत हलू लागे. जेवण्याइतकी साधी क्रिया एवढी निश्चयी असू शकते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ती ना बंडखोर दिसत होती ना केविलवाणी. भूक लागलेली बाई जेवत होती, एवढंच. आणि तेवढ्यानेच सारा रस्ता वळून बघत होता.

तेल घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने टोमणा मारलाच. “काय वैनी, आज दुकानच खायलाव का?”

“दोघं हाव आमी, मामा. एकाच्या मापात दोघांचं कसं भागंल? तुमी तेलाला आलाव ना? थांबा मग, हात धुतल्याबिगर डब्याला लावत न्हाई.”

म्हातारा मुकाट्याने पायरीवर टेकला. थांबला की!

नवरा दिवसभर माल आणायच्या धावपळीत. त्याने दुसऱ्या दिवशी दह्याचं मडकं दुकानात आणून ठेवलं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांचं न बोलणं त्या घरात तापलेल्या तव्यासारखं असायचं. जवळ न जाताही धग लागे. रोज दुपारी मधल्या दाराच्या फटीत त्यांच्या लुगड्याचा काठ दिसायचा. मला वाटायचं, पाळत ठेवतात. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. शिवलीला मात्र जेवताना त्या फटीकडे पाठ करत नसे. तोंड तिकडेच करून बसायची.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला, आमच्याकडे जिला येळवस म्हणतात, सगळं घर रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहते, पिकांची पूजा होते, आणि त्या दिवशी वाटेवरच्या माणसालाही जेवायला हाक मारायची रीत आहे. आलेल्याला परत पाठवत नाहीत. त्याच रीतीच्या आधाराने शिवलीलेने मला बोलावलं. ज्वारी छातीएवढी झालेली, करडईला काटे धरलेले, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर शिवाराच्या पानापानांतून रेशमी सळसळ वाहत चाललेली. चुलीवर भज्जीचं पातेलं रटरटत होतं. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चाकवत, गाजर, चिंच, वर बेसन. शेजारी बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, ताकातलं आंबील. मी त्या पातेल्यात पाहत राहिले. माझ्या पत्रकात जे जे हवं होतं ते सारं त्यात शिजत होतं, आणि ते शिजवत होत्या आत्याबाई.

पुरुष जेवून उठले. बायका बसल्या. आत्याबाईंच्या हातातला भज्जीने भरलेला डाव शिवलीलेच्या ताटाशी आला आणि अर्ध्यावर थबकला. तिने ताट खाली ठेवलं नाही. दोन्ही हातांनी तसंच धरून राहिली.

“वाढा, आत्याबाई.”

आणि त्या म्हाताऱ्या, करारी, मला दगडासारख्या वाटलेल्या बाईचा आवाज भर दुपारी फुटला.

“माज्या थोरल्या जावंला म्याच घातलं गं खाऊ. डिंकाचे लाडू, तूप, खारका, ह्याच हातानं. पोर एवढं वाढलं की अडलं. दोन दिस वरडली. बीडला न्यायला जीप आली तवा उशीर झालता. माज्या मांडीवर गेली ती. पोटातल्यासकट. म्याच मारलं तिला.”

ज्याला मी जुलूम म्हणत होते तो एका बाईने दुसरीला जगवण्यासाठी आयुष्यभर घातलेला पहारा होता. चुकीचा, जीवघेणा, अकरा दिवसांच्या पोरीला गिळणारा, तरी पहाराच. याने माझा राग गेला असं समजू नका. तो गेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

शिवलीलेने ताट मांडीवर ठेवलं आणि सासूचं मनगट धरलं.

“तुमच्या हातानं न्हाई मेल्या त्या. जीप उशिरा आली म्हणून मेल्या. मी दवाखान्यात जाईन, येळंवर जाईन, तुमी संगं या. पन उपाशी जानार न्हाई. एक गेली माजी. आता वाढा.”

आत्याबाईंनी वाढलं. काठोकाठ. वर तुपाची धार, आणि मग कुणी न सांगता आणखी एक उंडा. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात वाढण्यात गुंतले होते.

पुढच्या महिन्यांत तिची नखं हळूहळू गुलाबी होत गेली. पळस फुलायच्या आधी त्याच्या काळ्या कळीच्या टोकाला रंग फुटतो, तशी. आत्याबाईंनी तारखेच्या आठवडाभर आधीपासून गाडीवाल्याला असं काही छळलं की तो रोज सकाळी दारात येऊन तोंड दाखवून जाई. फाल्गुनातल्या एका सकाळी बीडच्या दवाखान्यात मुलगी झाली. सरळ, सुखरूप, पहिल्याच रडण्यात सगळा मजला जागा करणारी. नर्स म्हणाली, वजन चांगलं आहे. हे साधंसं वाक्य आत्याबाईंनी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

मी पोचले तेव्हा त्या व्हरांड्याच्या बाकड्यावर एकट्याच बसल्या होत्या, भस्म घामाने ओघळलेलं, हात मांडीवर उताणे. मी शेजारी टेकले. मग कुणी विचारलेलं नसताना त्या म्हणाल्या, “पार्वती नाव व्हतं माज्या जावंचं. लई हसायची.”

गेलेल्या माणसाला काळ पुसून टाकतो असं म्हणतात. मला नाही वाटत काळाला तेवढी सवड असते. त्याला पुसून टाकणारा असतो तो आपल्या मनातला धाक, वर्षानुवर्षं, घासागणिक. तो धाक एकदा सरला की कधीकाळची मेलेली बाईही आपल्या नावानिशी, आपल्या हसण्यानिशी परत येऊन शेजारी बसते, आणि तिची आठवण काढण्यासाठी कुणा जित्या बाईला उपाशी राहावं लागत नाही.