मम्मी म्हणायचं नाही

जीपमधून ज्योत्स्नाचा पाय खाली टेकतो न टेकतो तोच तृप्ती अंगणातून धावत आली आणि तिच्या कमरेला बिलगली.

"मम्मी! मम्मी आली!"

चुलीपाशी साळूबाई भाकरी थापत होती. तिने अर्धी थापलेली भाकरी मोडली, गोळा परातीत टाकला आणि पिठाच्या हातानंच घरात निघून गेली.

साळूबाई म्हणजे तृप्तीच्या बापाची थोरली भावजय; पोरगी तिला मोठी माय म्हणायची. आई वारली, बाप कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही, आणि चार वर्षांची तृप्ती भोकरदनजवळच्या मिशनच्या वसतिगृहात आली. तिथली रीतच होती की ते चालवणाऱ्या जोडप्याला सगळी मुलं मम्मी-पप्पा म्हणत. ज्योत्स्ना लग्न होऊन आली आणि चौथ्या दिवशी बेचाळीस लेकरांची मम्मी झाली. केवढा तोरा होता तिला त्याचा! पण मोठी होऊन बाहेर पडलेल्या मुलांना सणाला जायला घर नसायचं, लग्नात उभं राहायला माणूस नसायचं. ते तिला आणि राजानंदला खाऊ लागलं. शेवटी नवराबायकोनं ठरवलं, ज्याचं कुणी आहे त्यानं आपल्या घरी वाढायचं. शाळा, दवाखाना, येऊन-जाऊन बघणं मिशन करेल. वसतिगृह उभं करणाऱ्या सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला. धरू दे! बालकल्याण समितीची परवानगी आली आणि तृप्ती पाच वर्षांनी जाफराबादकडच्या आपल्या गावी परतली.

ज्योत्स्ना साळूबाईच्या मागोमाग आत गेली.

"काय झालं, बाई?"

"मला काय होतंय? मम्मी आली, आता मम्मीनंच घेऊन जावं. जीपचा आवाज आला की पोरगी रस्त्याला पळून राह्यली. तिचं ध्यान इथं न्हाईच."

"नकोशी झाली का ती?"

"नकोशी?" साळूबाईचा आवाज चिरकला. "पाच वर्षं तिच्या वाटंकडं बघितलं म्या! पण एका लेकराला दोन आया कशा चालतील? पुढच्या महिन्यात हेच राह्यलं तं बराबर घेऊन जा तिला."

ज्योत्स्नानं तृप्तीला गोठ्याजवळ नेलं.

"आजपासून मला मम्मी म्हणायचं नाही."

पोरीचे डोळे भरले. "म्या काय केलं?"

"काही नाही केलंस, बाळा."

"मंग काय म्हणू?"

"मोठ्या मायला विचार," ज्योत्स्ना म्हणाली. पोरगी पुन्हा बिलगायला आली, तेव्हा तिनं ते हात सोडवले आणि तडक जीप गाठली. मागं वळून बघितलं असतं तर ती उतरलीच असती.

"एका शब्दासाठी एवढं कडक कशाला?" राजानंदनं घरी विचारलं.

"त्या शब्दापाशीच सगळं अडलंय."

वसतिगृहात उरलेल्या अकरा मुलांनाही तिनं ताई म्हणायला लावलं. मम्मी म्हटलं की ती ओ द्यायचीच नाही. एक पठ्ठ्या दारात उभा राहून "मम्मी... न्हाई, ताई... भूक लागली" म्हणाला, तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. मग पदरानं डोळे पुसावे लागले.

महिन्यानं ती पुन्हा गेली. जीप थांबली तरी कुणी धावत आलं नाही. तृप्ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली, बघितलं, आणि घरात तोंड करून हाक दिली,

"ए मोठी माय, पाव्हण्या आल्या! चहा ठेव!"

मग आत जाऊन तिनं तांब्या-पेला आणला.

"पाणी घ्या."

पोरीनं तिला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ज्योत्स्नानं पेला घेतला आणि पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. साळूबाई हात पुसत बाहेर आली, "बसा ना बाई, जल्दी काय?" म्हणाली. ज्योत्स्ना बसली, चहा प्याली, शाळेचं विचारलं, पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात हे ऐकून घेतलं.

रस्त्यावर येऊन तिनं राजानंदला फोन लावला.

"तृप्तीचं जमलं. आपल्याकडच्या आष्टीच्या त्या दोघा बहीणभावांचा मामा आहे ना, त्याला आजच फोन कर."

"रडून राह्यलीस का?"

"हो. तू फोन कर."