दाराजवळची जागा

सत्तावन साली सेलूच्या मिडल स्कूलमध्ये आम्हा काही पोरांना रोज दुपारी सूतकताईच्या खोलीत धाडत. बाकीचे वर्ग इतिहास-भूगोल करत आणि आम्ही टकळ्या-पेळूंच्या पसाऱ्यात बसून वाचायला शिकत असू. सारी शाळा आम्हाला 'कच्चा वर्ग' म्हणे. मी, हरिदास, त्या वर्गाचा जुना मानकरी. सहावीत आलो तरी जोडाक्षर दिसलं की मला घाम फुटायचा. सूत मात्र असं काढायचो की कोष्ट्याने बघत राहावं.

आम्हाला शिकवायला सुलोचनाबाई होत्या. मोठ्या पोरांना अक्षरं ओळखायला शिकवणं मिडल स्कूलच्या मास्तरांना कमीपणाचं वाटे, म्हणून बाईंना प्राथमिक शाळेतून मुद्दाम आणलं होतं. बाकीचे मास्तर नाकाने कांदे सोलायचे, बाई आपलं काम करायच्या. त्या रागवायच्या फक्त आम्ही अंदाजाने वाचलं तर. "डोळ्यांनी वाच, जिभेने नको," म्हणायच्या.

त्या वर्षी पाचवीत जयवंता आली. बोर नदीच्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या तानबा नावाच्या शेतमजुराची ही मुलगी. गावाचं नाव सांगत नाही, आमचे सोयरे अजून तिथे राहतात. आदल्या दसऱ्याला तानबा नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. आता आपण कोणाच्या दारात बसायचं नाही, असं तो वस्तीत सगळ्यांना सांगत फिरे. त्याच उमेदीत त्याने पोरीला शिकायला सेलूला आत्याकडे ठेवलं होतं.

जयवंता म्हणजे एक कोडंच होतं. कविता एकदा ऐकली की तिला पाठ. चौथीची सगळी पुस्तकं ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत धडाधड म्हणून दाखवायची. पण पुस्तक हातात देऊन 'इथून वाच' म्हटलं, की गप्प. म्हणून तिलाही आमच्या कच्च्या वर्गात धाडलं. हेडमास्तर लक्ष्मणरावांनी लगेच निदान केलं, की पोरीला सगळं येतं, वाचत नाही ती नुसती मिजास आहे. थंडीत शाळा तपासायला डिप्टी साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर वाचली नाही तर हिला परत गावच्या शाळेत चौथीत बसवू, असं त्यांनी बजावलं. तानबालाही तपासणीच्या दिवशी यायचा निरोप धाडला, म्हणजे पोरीला लगेच घेऊन जाता येईल.

हे बजावलं त्या दुपारी जयवंता रडली. "मले तिथं नोका पाठवू, बाई," एवढंच म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. जयवंता नेहमीप्रमाणे खोलीच्या उंबरठ्याशी बसली होती. आत जागा मोकळी असायची, बाई तिला पुढे बोलवायच्या, ती यायचीही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारातच. वाऱ्याला बसत असेल, असं मला वाटायचं. बाईंनी विचारलं, गावच्या शाळेत तू कुठे बसायचीस?

"दारात," ती म्हणाली.

का, ते बाईंनी विचारलं नाही. ते आम्हा सगळ्यांना ठाऊकच होतं. पण बाईंच्या डोक्यात आणखी काहीतरी आलं असावं, कारण रविवारी त्या आमच्या बैलांच्या रेंगीत बसून त्या गावाला निघाल्या. वाट दाखवायला मी होतो.

शाळा म्हणजे एकच खोली आणि पुढे ओसरी. नत्थू गुरुजी शेजारीच राहायचे. त्यांनी कुलूप काढलं, खुर्ची पुसली. बाई आत गेल्याच नाहीत. बाहेर ओसरीत, दाराच्या कडेला, शेणाने सारवलेल्या भुईवर त्या सरळ मांडी घालून बसल्या. गुरुजी बिचारे कावरेबावरे झाले.

"बाई, तिथं काऊन बसता? आत या ना."

"जयवंता इथेच बसायची ना?"

गुरुजींनी मान हलवली. आता तसं राहिलं नाही, कायदा झाला, असं घाईघाईने म्हणाले. मग पोरीचं कौतुक सुरू केलं. नुसतं ऐकून सगळं पाठ करायची, म्हणून आपण तिला चौथी तोंडीच पास केली, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांना ते खरोखरच आपलं पुण्य वाटत होतं.

बाईंनी मला शेजारी बसवलं आणि काय दिसतं ते सांग म्हणाल्या. मी बघितलं. पोरांच्या बसायच्या पट्ट्या दिसत होत्या, गुरुजींच्या खुर्चीचा एक पाय दिसत होता. फळा दिसत नव्हता. तो आतून दाराच्याच भिंतीवर टांगलेला होता. पोरं फळ्याकडे बघून वाचायची आणि जयवंता पोरांच्या तोंडांकडे बघत बसायची. पाटीवर अक्षर काढून द्यायला ओसरीत कोणी आलंच नव्हतं. चौथी पास होईपर्यंत त्या पोरीने फळा म्हणून पाहिला नव्हता. मला आजही हे सांगताना राग येतो, आणि तो गिळावा असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जयवंताला हाताला धरून फळ्यासमोर बसवलं. पुस्तक बाजूला ठेवलं आणि सकाळी काय केलंस ते सांग म्हणाल्या. "मी विहिरीवर गेलती," जयवंता म्हणाली. बाईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवून तिला दाखवलं.

"हे मी बोलली ते?"

"तूच बोललीस ते."

ती उठून फळ्याजवळ गेली आणि 'मी' या शब्दाला तिने हळूच हात लावला. मग रोज तेच चाललं. ती सांगायची, बाई लिहायच्या, आम्ही टकळ्या फिरवत वाचायचो. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात तशी माझी जोडाक्षरंही सुधारली. जयवंताची गंमत मात्र अशी झाली, की पूर्वी धडाधड म्हणणारी पोरगी आता अक्षरा-अक्षराला ठेचकाळू लागली. लक्ष्मणरावांनी खिडकीतून ऐकलं आणि म्हणाले, बाई, ही तर होती त्याहून बिघडली.

डिप्टी साहेब आले ते आमच्याच खोलीत बसले. पोरीला पुस्तकं पाठ आहेत हे त्यांच्या कानावर आधीच घातलेलं होतं. त्यांनी पिशवीतून नागपूरचं ताजं वर्तमानपत्र काढलं आणि एका बातमीवर बोट ठेवलं. जयवंताने कागद हातात घेतला. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवून ती इतका वेळ ते न्याहाळत राहिली, की माझ्या टकळीचा धागा तुटला.

"व... वर्धा ते... हिं... हिंगणी मो... मोटार..."

एका शब्दाशी ती अडली, मागे गेली, पुन्हा आली. लक्ष्मणरावांचं तोंड उतरलं. "अडखळते आहे, साहेब," ते पुटपुटले.

सुलोचनाबाई उभ्या राहिल्या. "हो साहेब, अडखळते. पाठ म्हणत होती तेव्हा कधी अडखळली नाही. आता ती वाचते आहे."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि पुढे वाच म्हणाले. मोटार कुठून कधी सुटणार ते सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कागदाची घडी घालत ते लक्ष्मणरावांना म्हणाले, ही पाचवीतच राहू द्या. मला इतका आनंद झाला की तुटलेला धागा जोडायचंही सुचेना.

तानबा सकाळपासून आला होता. पोरीचं बोचकंही आत्याकडून घेऊन आला होता. खोलीबाहेर, दाराच्या कडेला, ते छातीशी धरून तो उभा होता. बाईंनी त्याला आत बोलावलं. "राहू द्या बाई, इथंच बरा आहे," तो म्हणाला. वस्तीभर सांगत फिरणारा माणूस, पण पाय काही उंबरठा ओलांडेनात.

जयवंता उठली. दाराशी जाऊन तिने बापाच्या हातातलं बोचकं काढून घेतलं आणि त्याचा हात धरला.

"बाबा, अंदर ये. तिथून फळा दिसत नाई."

तानबाने जोडे काढले आणि आत आला. मी माझी टकळी उचलून त्याला समोर जागा करून दिली.